मुंबई ते लंडन : अंतर तेच, वाट वेगळी

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबई बंदरातून सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्यावर माणसांना पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कोठारे, खोल्या, डेक, जिथे मोकळी जागा दिसली तिथे कोळसा रचला होता. मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्याच्या पारशी कारागिरांनी बांधलेली ही ४११ टनांची बोट मुळात साडेपाच दिवसांचा कोळसा वाहण्यासाठी आखलेली होती आणि एडनपर्यंतची मजल त्याच्या दुपटीची होती. कॅप्टन जॉन विल्सनने ती मजल मारली. बोट एडनला लागली तेव्हा तिच्या पोटात काही तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. पुढे तांबड्या समुद्रात ठिकठिकाणी कोळसा घेत ती ३३ दिवसांनी सुएझला पोहोचली. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश वेळ नुसता कोळसा भरण्यात गेला होता. तिने नेलेली पत्रे मात्र ५९ दिवसांत लंडनला पोहोचली, आणि मुंबई ते लंडन या प्रवासाचा हिशेब कायमचा बदलला.

या दोन शहरांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते गेल्या दोनशे वर्षांत एका हातानेही कमी झालेले नाही. प्रवासाचा काळ मात्र सहा महिन्यांवरून दहा तासांवर आला. याचे श्रेय आपण यंत्रांना देऊन मोकळे होतो. ते श्रेय त्यांचे आहेच. पण या वाटेचा इतिहास नीट पाहिला तर वेळ कमी-जास्त करणारी खरी जागा मधल्या मुक्कामांत सापडते. कोळसा कुठे मिळणार, पेट्रोल कुठे भरणार, आणि कोणाचा मुलूख कोणाला ओलांडू देणार, या प्रश्नांची उत्तरे बदलली की प्रवासाचे दिवसही बदलत गेले.

ह्यू लिंडसेच्या आधीची वाट होती आफ्रिकेला वळसा घालून जाणारी. केप ऑफ गुड होपच्या त्या वाटेने मुंबई ते लंडन सागरी अंतर भरते सुमारे २० हजार किलोमीटर. शिडाच्या जहाजाला त्यासाठी चार ते सहा महिने लागत, वारा पडला किंवा मोसम चुकला तर त्याहून जास्त. राघोबादादांनी आपले गाऱ्हाणे मांडायला हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील विलायतेला पाठवला होता. १७८१ मध्ये तो लंडनमध्ये होता आणि त्याच्या सोवळ्याओवळ्याची अडचण ओळखून ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने त्याला आपल्या गावच्या घरी स्वतंत्र जागा करून दिली होती. अशा वकिलाने पत्र लिहायचे, ते अर्ध्या वर्षाने पुण्यामुंबईत पोहोचायचे, त्याचे उत्तर आणखी अर्ध्या वर्षाने. तेवढ्यात इकडे तह होऊन मोडलेलाही असायचा. कंपनी सरकारचीही गत वेगळी नव्हती. लंडनच्या संचालकांचा हुकूम मुंबईत येईपर्यंत ज्या परिस्थितीसाठी तो काढला ती परिस्थितीच उरलेली नसे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यू लिंडसेच्या पाठीशी उभा राहिला तो या कारणासाठी.

नकाशावर जवळची वाट कोणालाही दिसत होती. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरायचे, सुएझला उतरायचे, वाळवंट पार करून अलेक्झांड्रियाला भूमध्य समुद्रावर दुसरी बोट पकडायची. ‘खुष्कीचा मार्ग’ म्हणतात तो हा. पण तांबड्या समुद्रात वारे शिडांना साथ देत नाहीत आणि इजिप्तमध्ये टपाल वाहायची व्यवस्था नव्हती. पहिली अडचण वाफेने सुटण्यासारखी होती. दुसरीसाठी थॉमस वॅगहॉर्न नावाचा एक माजी नौसैनिक आयुष्य पणाला लावून बसला.

१८२९ च्या अखेरीस वॅगहॉर्न लंडनहून टपाल घेऊन निघाला. सुएझला त्याला आगबोट भेटायची होती. ती आलीच नाही. तो वाट पाहत बसला नाही. एक उघडी होडी घेऊन, नकाशा आणि होकायंत्राशिवाय, तो तांबड्या समुद्रातून जेद्दापर्यंत गेला आणि तिथून मुंबईला पोहोचला. पुढे त्याने कैरो ते सुएझ या वाळवंटी टप्प्यात विश्रामगृहे उभारली, उंटांचे तांडे लावले, इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली पाशा याच्या मंडळींशी सलोखा ठेवला. १८४० च्या सुमारास प्रवासी अलेक्झांड्रियाहून कालव्यातल्या नावेने नाईलपर्यंत, तिथून छोट्या आगबोटीने कैरोला आणि मग घोडे बदलत चालणाऱ्या दुचाकी गाड्यांतून सुएझला जाऊ लागले. सामान, टपाल आणि सुएझच्या बोटींचा कोळसासुद्धा उंटांच्या पाठीवरून जाई. वाफेचे युग इजिप्तमध्ये असे उंटांच्या भरवशावर चालत होते. वॅगहॉर्न स्वतः कर्जबाजारी होऊन १८५० मध्ये वारला. सुएझचा कालवा खणणाऱ्या फर्दिनांद द लेसेप्सने नंतर सुएझला त्याचा अर्धपुतळा बसवला.

या नव्या वाटेची किंमत एका तिसऱ्याच शहराने मोजली. मुंबई आणि सुएझ यांच्या मध्ये हक्काचे कोळशाचे ठाणे हवे होते. एडनच्या किनाऱ्यावर इंग्रजी निशाण लावलेले ‘दर्या दौलत’ हे जहाज लुटले गेल्याचे निमित्त झाले आणि १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत साम्राज्याला जोडला गेलेला हा पहिला मुलूख. तो कोळशासाठी घेतला गेला आणि पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. मुंबईच्या इतिहासात हे प्रकरण फारसे सांगितले जात नाही. सांगितले पाहिजे, कारण मुंबई-लंडन अंतर घटवण्याचा भार एडनच्या लोकांवर पडला आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

त्याच वर्षी, १८३९ मध्ये, साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे झगडत राहिले. ते झगडत असतानाच महाराज काशीत वारले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. टपाल आता दीड-दोन महिन्यांत पोहोचत होते, पण वेगवान टपालाचा लाभ सर्वांना सारखा नव्हता. ज्याच्या हाती निर्णय, त्याला वेग उपयोगी पडला. अर्जदाराला नकार लवकर कळू लागला, एवढेच. १८५७ ची गोष्टही पाहण्यासारखी आहे. मीरतला १० मे रोजी उठाव झाला, ती बातमी लंडनला पोहोचली जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्या साडेसहा आठवड्यांत दिल्ली गेली होती आणि लंडनचे मंत्री निर्धास्त होते.

इजिप्तमध्ये १८५६ ला अलेक्झांड्रिया ते कैरो आणि १८५८ ला कैरो ते सुएझ रेल्वे झाली, उंट मागे पडले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईचे जहाज माल न उतरवता थेट लंडनला जाऊ लागले. सागरी अंतर २० हजारांवरून सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. कालव्याने मुंबईला काय दिले ते शहराच्या पूर्व किनाऱ्यावर उभे राहिले. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. कलकत्त्याच्या तुलनेत मुंबई युरोपला जवळची ठरली आणि विलायतेचे टपाल मुंबईत उतरून रेल्वेने देशभर जाऊ लागले. पुढे बॅलार्ड पिअरच्या धक्क्यालगत मोल स्टेशन झाले, तिथे बोटीतून उतरलेला साहेब थेट पेशावरच्या फ्रंटियर मेलमध्ये चढे.

१८७० मध्ये आणखी एक गोष्ट घडली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली आणि ती पुढे सुएझला जोडली गेली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव आता मुंबईच्या व्यापाऱ्याला काही तासांत कळू लागला. तोवर बातमी आणि माणूस एकाच बोटीने प्रवास करत. आता बातमी पुढे गेली आणि माणूस तीन आठवडे मागे राहिला.

माणसाचा तो काळही हळूहळू आखडत गेला. घाई असलेले लोक ब्रिंडिसी किंवा मार्सेलला बोट सोडत आणि रेल्वेने युरोप ओलांडून लंडन गाठत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वाटेने दोन आठवडे हे पक्के गणित झाले. ऑक्टोबर १९३० मध्ये डॉ. आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेला ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने गेले. पुढच्या वर्षी गांधीजी २९ ऑगस्टला मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेलला उतरले आणि दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये होते. परतताना ब्रिंडिसीहून १४ डिसेंबरला निघून २८ डिसेंबरला मुंबईत. एका परिषदेसाठी महिनाभर पाण्यावर. त्या काळातल्या नेत्यांचे वाचन, लेखन, भाषणांची तयारी पुष्कळशी या बोटींवर झाली.

बोटी चालवणारी माणसे मात्र प्रवाशांच्या आठवणींत क्वचितच येतात. पी अँड ओ कंपनीच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी असत, जेवणघरात आणि खोल्यांवर गोव्याचे ख्रिस्ती कारभारी. धोबीतलावच्या परिसरात गोव्याच्या एकेका गावाचे ‘कूड’ होते. बोट लागेपर्यंत ही माणसे तिथे पथारी टाकत. मुंबई-लंडन वाट ज्यांनी सर्वांत जास्त वेळा पालथी घातली ते हे लोक. त्यांची नावे प्रवासवर्णनांत आली नाहीत.

मग आकाशाची पाळी आली, आणि इथे मुंबई मागे पडली. ३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून इम्पीरियल एअरवेजचे पहिले विमान हिंदुस्थानकडे निघाले, पण त्याचे ठिकाण होते कराची. किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या विमानाला कराची आधी लागते. प्रवासाला सात दिवस आणि भाडे १३० पौंड. हा सबंध प्रवास हवेतून नव्हता. क्रॉयडन ते बासल विमानाने, तिथून जेनोआपर्यंत चक्क रेल्वेने, जेनोआ ते अलेक्झांड्रिया पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने आणि पुढे तीन इंजिनांच्या ‘हर्क्युलिस’ विमानाने गाझा, बगदाद, बसरा करत कराची. मधल्या रेल्वेचे कारण आल्प्सपेक्षा इटलीशी अडलेल्या हवाई वाटाघाटी हे होते. इराक आणि जॉर्डनच्या वाळवंटात वाट चुकू नये म्हणून जमिनीवर नांगरून चर काढलेला होता आणि वैमानिक तो पाहत उडत. रात्री उड्डाण नव्हते. रुत्बासारख्या वाळवंटी ठाण्यात मुक्काम पडे.

इराणचा अडसर त्याहून मोठा. इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावरून उडायला परवानगी दिली नाही म्हणून ही सेवा दोन वर्षे बसऱ्याशी थांबून राहिली होती. दिलेली परवानगीही मुदतीची होती. ती संपत आली तेव्हा १९३२ मध्ये सारी वाट आखाताच्या दुसऱ्या, अरबी किनाऱ्यावर हलवावी लागली आणि शारजाच्या वाळूत प्रवाशांच्या मुक्कामासाठी गढीवजा विश्रामगृह बांधले गेले. आज आखातातल्या विमानतळांवर जी गर्दी दिसते तिची सुरुवात इराणच्या त्या नकारात आहे.

कराचीचे टपाल मुंबईला आणण्याचे काम जे. आर. डी. टाटांनी उचलले. विमानाचे वेड त्यांना आधीपासून होते. १९३० मध्ये इंग्लंड-हिंदुस्थान एकट्याने उडत जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. कराचीहून निघालेले जे. आर. डी. आणि इंग्लंडहून निघालेला कोवळा तरुण ॲस्पी इंजिनियर यांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. ॲस्पीचे स्पार्क प्लग निकामी झाले होते, जे. आर. डी. नी आपले जादा प्लग त्याला दिले. बक्षीस ॲस्पीने जिंकले. या वाटेच्या इतिहासात इतका दिलदार प्रसंग दुसरा नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूची धावपट्टी म्हणजे चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची विमाने, वैमानिक आणि मिस्त्री सारे पुण्याला हलत आणि येरवडा तुरुंगालगतच्या मैदानावरून लंडनचे टपाल उडे. पुण्याच्या विमानवाहतुकीची ही सुरुवात पुणेकरांनाही फारशी ठाऊक नसते.

फाळणीने चित्र पालटले. कराची परक्या देशात गेली आणि पश्चिमेचे दार पुन्हा मुंबई झाले. ८ जून १९४८ च्या रात्री सांताक्रूझहून एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांना घेऊन लंडनला निघाले. कॅप्टन के. आर. गझदर, प्रवाशांत स्वतः जे. आर. डी. आणि नवानगरचे जामसाहेब. भाडे १,७२० रुपये, म्हणजे त्या काळच्या कारकुनाचा वर्षाहून जास्त पगार. कैरो आणि जिनेव्हा असे दोनच थांबे घेत सुमारे एका अहोरात्रात विमान लंडनला पोहोचले. बोटीचे चौदा दिवस एका दिवसावर आले. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते, आणि भारताचे विमान भारताच्या निशाणाने लंडनला उतरले होते. त्या उड्डाणाचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते, आजही आहे.

त्यातला जिनेव्हाचा थांबा मात्र महाग पडला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच मलबार प्रिन्सेस जिनेव्हाला उतरण्याआधी वादळात माँ ब्लाँवर आदळले. विमानातले सर्व ४८ जण गेले. त्यातले ४० प्रवासी हे इंग्लंडमध्ये उभ्या असलेल्या जहाजावर रुजू व्हायला चाललेले भारतीय खलाशी होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही वाट पाण्यावरून तुडवली, त्यांच्यातलेच हे लोक, हवेतून चालले होते. सोळा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, जवळपास त्याच जागी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ आदळले आणि होमी भाभांसह ११७ जण मृत्युमुखी पडले. विमानातले एक दिशादर्शक यंत्र बंद होते. आपण पर्वत ओलांडला असा वैमानिकाचा समज झाला, आणि नियंत्रकाने केलेली दुरुस्ती त्याला नीट उमगली नाही, असे फ्रेंच चौकशीत निघाले. भाभांच्या मृत्यूभोवती कटाच्या कहाण्या पुष्कळ रचल्या गेल्या. मला त्या पटत नाहीत. त्या काळात धुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या विमानतळावर उतरणे हेच पुरेसे धोक्याचे होते. २०२० मध्ये बोसाँ हिमनदीच्या वितळत्या बर्फातून त्या आठवड्याची भारतीय वर्तमानपत्रे बाहेर आली, इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातमीसह.

१९६० मध्ये बोइंग ७०७ आले, तेव्हा कॉन्स्टेलेशनचा ताशी पाचशेच्या आसपासचा वेग नऊशेवर गेला आणि लंडन अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात आले. बोटी त्यापुढे टिकल्या नाहीत. १९६६ मध्ये अँकर लाइनने लिव्हरपूल-मुंबई प्रवासी सेवा थांबवली. पुढच्याच वर्षी जूनच्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. त्या आठ वर्षांत मुंबईची मालवाहू जहाजे पुन्हा केपला वळसा घालून जात होती, हनुमंतरावाच्या काळासारखी.

सामान्य मराठी घरांना ही वाट खुली झाली ती जेटच्या काळात. नोकरीला गेलेल्या डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी आईवडिलांना बोलावून घेतले, बाळंतपणासाठी आज्या लंडनला जाऊ लागल्या. विलायतेहून परतल्यावर प्रायश्चित्त मागणारा समाज दोन-तीन पिढ्यांत सांताक्रूझला हार घेऊन उभा राहू लागला.

१९६० नंतर या वाटेवरच्या प्रवासी विमानाचा वेग फारसा वाढलेला नाही. ७०७ ज्या वेगाने उडे जवळजवळ त्याच वेगाने आजचे ड्रीमलायनर उडते. नंतरची सगळी बचत मधले थांबे गाळल्यामुळे झाली. टाक्या मोठ्या झाल्या, इंजिने काटकसरी झाली, आणि मुंबईहून उडालेले विमान थेट हीथ्रोला उतरू लागले. जाताना समोरचा वारा असल्याने थोडा जास्त वेळ, येताना तोच वारा पाठीशी.

थांबे गेले तरी मुलूख राहिलेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली ती जुलैपर्यंत. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश बंद आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. त्याच वर्षी १३ जूनला इस्रायलच्या हल्ल्यांमुळे इराणचे आकाश मिटले, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान तीन तास उडून मुंबईलाच परत आले. १९२९ पर्यंत इराणच्या परवानगीसाठी बसऱ्याशी अडलेली वाट आणि हे परतलेले विमान यांत शतकाचे अंतर आहे, अडचण एकच आहे.

पृथ्वीच्या गोलावर मुंबईहून लंडनला सर्वांत जवळची रेषा ओढली तर ती कराचीच्या आसपास जमिनीवर चढते, इराण ओलांडते, कॉकेशसवरून काळ्या समुद्रावर येते आणि युक्रेनमार्गे मध्य युरोपात उतरते. पहलगामनंतरच्या मज्जावामुळे एकही भारतीय विमान या रेषेने जाऊ शकले नाही. ही विमाने अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळसा घालून गेली, आणि दोन देशांच्या भांडणापायी मुंबईचा प्रवासी काही वर्षांपूर्वीपेक्षा उशिरा लंडनला पोहोचला.